मेसईदचा दुसरा सोमवार

ऑगस्टात दोह्यामध्ये चष्मेवाल्या माणसाने दाराबाहेर पाऊल टाकलं की तो ठार आंधळा होतो. आत एसीने गार पडलेली काच आणि बाहेर पाण्याने जड झालेली हवा. चष्मा असा काही धुरकटतो, की जिन्यावरून बसच्या थांब्यापर्यंत मी रोज अंदाजानेच चालते. शहरातल्या नजमा भागात, आमच्या गल्लीत, खिडक्यांतल्या एसींचं पाणी टपटप गळत असतं. कॅफेटेरियावाला करक चहात, म्हणजे इथल्या कडक दुधाच्या चहात, वेलची कुटून टाकत असतो. एकेका खोलीत आठ-आठ जण राहतात, त्यांतले काही पाळी संपवून परतत असतात, काही निघत असतात. पाऊस नाही, गडगडाट नाही, नुसतं घामेजणं. कुणाकडे कुरकुर केली तर म्हणतात, एखाद महिना, मग इन्शाल्ला हवा सुटेल.

ह्या दिवसांत माझ्याकडे दोन पाहुणे न चुकता येतात. पहिला श्रावण. तो येतो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून. दुकानदार मल्याळी, त्याला श्रावणाशी काही देणंघेणं नाही, पण गिऱ्हाइकांवरून त्याला आमचं पंचांग पाठ झालंय. एका सकाळी तो साबुदाणा, भगर आणि राजगिरा काउंटरच्या पुढे आणून ठेवतो आणि मी समजते. दुसरा पाहुणा येतो फोनवर, मेलमधून. इंग्रजीत, फार अदबीने. “आपला अर्ज अद्याप अपूर्ण आहे. मुदत जवळ येत आहे.”

हा अर्ज अमेरिकेतल्या ‘फिजिशियन असिस्टंट’च्या अभ्यासक्रमाचा. माझ्या आईला हे प्रकरण अजून कळलेलं नाही. “म्हणजे डॉक्टर का?” नाही. “मग नर्स?” तीही नाही. “मग कंपाउंडर म्हण की सरळ!” आता काय सांगायचं? डॉक्टरच्या देखरेखीखाली, पण स्वतः पेशंट तपासणारा, निदान करणारा, औषध लिहून देणारा माणूस. आई म्हणाली, “एवढं सगळं करायचं होतं तर अकरावीला सायन्स घ्यायचं होतंस. हॉटेलात कशाला गेलीस?”

तिचं काय चुकलं? मी शिकले हॉटेल मॅनेजमेंट. कराडहून पुण्याला गेले, तीन वर्षं टेबलावर रुमालाची कमळं करायला शिकले, आणि दोह्यातल्या एका हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर येऊन उभी राहिले. पुढे हॉटेलने माणसं कमी केली, त्यांत मी पहिल्या फटक्यात गेले. मंदारचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, आयटीतलं कंत्राट चालू होतं, म्हणून परत जायची वेळ आली नाही. दोह्याबाहेर, कारखान्यांच्या मेसईदला एका कंत्राटदाराच्या कामगार वसाहतीत छोटा दवाखाना आहे, तिथे रिसेप्शनला बाई हवी होती. हिंदी, इंग्रजी, मराठी येणारी. मी गेले, आणि तिथे बसल्या बसल्या मला डोहाळे लागले, दुसरा शब्द नाही. कागदावर नाव लिहून माणसाला आत सोडायचं आणि दार बंद व्हायचं. त्या दाराच्या आत काय होतं ते मला हवं होतं.

पाच वर्षांपूर्वीचा उन्हाळा मी काढला जेवणाच्या टेबलावर. अर्जाच्या आधी शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, सूक्ष्मजीव असे विषय पास झालेले लागतात. ते मी ऑनलाइन करत होते. प्रयोगाचं साहित्य पार्सलने यायचं, पण त्यात येणारे प्राण्यांचे अवयव ह्या देशात येणं शक्य नव्हतं, म्हणून कॉलेजने कळवलं की मेंढीचं किंवा बकरीचं हृदय स्थानिक बाजारातून घ्या. गेले खाटकाकडे. त्याला वाटलं मला भाजीला हवंय. तो बारीक तुकडे करायला निघाला तेव्हा मी किंचाळलेच, “नको नको, अख्खं!” घरी आणून पेपरावर ठेवलं, पुस्तक उघडलं, सुरी घेतली. श्रावण चालू होता. मंदार दारात उभा राहून नाकाला रुमाल लावून म्हणाला, “आईचा फोन आला आणि आज काय केलंय विचारलं, तर काय सांगू? बकऱ्याचं हृदय, रस्सा नाही, नुसतं उघडून ठेवलंय?” ती सुरी त्याने परत घरात वापरू दिली नाही. मला मात्र डाव्या कप्प्याची ती जाड भिंत बोटाला लागली आणि डोळ्यांत पाणीच आलं. इतका आनंद मला रुमालाच्या कमळाने कधी दिला नव्हता.

नुसते विषय पुरत नाहीत, पेशंटची प्रत्यक्ष सेवा केल्याचे तास लागतात. हजाराच्या वर. ते मला दिले ॲलिस सिस्टरने. सिस्टर केरळची, आखातात वीस वर्षं काढलेली, हिंदी बोलताना जगातल्या सगळ्यांना पुल्लिंगी करणारी. “तुम डेस्कपे बैठके क्या करता है? इधर आओ, बीपी लेना सीखो.” तिने मला सहायकाचं रीतसर प्रशिक्षण घ्यायला लावलं, आणि मग माझं काम ठरलं. पेशंट डॉक्टरकडे जाण्याआधी मी त्याचा रक्तदाब, वजन, साखर बघायची, एका कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहायची. काय होतंय, कोणती औषधं चालू आहेत, सकाळी खाल्लं का, पाणी किती प्यायलं. डॉक्टर तो कागद बघूनच बोलायला सुरुवात करायचे. दिवसाला शंभर माणसं. कागदावर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा?

अर्जाचं मार्गदर्शन करणारे इंटरनेटवर ढिगाने आहेत. सगळे एकच सांगतात. तुमची पदवी वेगळी आहे ना? लाजू नका. तीच तुमची ताकद. मीही मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. हॉटेलने मला माणसाचं ऐकायला शिकवलं. हॉटेलने मला अनोळखी माणसाला आपलं मानायला शिकवलं. आणि ते खरंच होतं हो! आमचे एक सर सांगायचे, पाहुण्याने सांगितलेलं गुपित म्हणजे त्याने आपल्याकडे ठेवायला दिलेलं सामान, ते उघडायचं नाही आणि हरवायचंही नाही. मी हे इतकं अंगी बाणवलं होतं की विचारू नका.

तर त्याच्या पुढच्या वर्षीचा, श्रावणातला दुसरा सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला संपतराव आले.

संपतराव म्हणजे माण तालुक्यातले, म्हसवडच्या बाजूचे. कारखान्यात पाइप फिटर. पन्नाशीला टेकलेले, अंगाने काटक, मधुमेहाची गोळी चालू. दर महिन्याला तपासणीला यायचे आणि मी कराडची म्हटल्यावर त्यांनी मला ताई करून टाकलं होतं. कारखान्यातल्या हिंदी-इंग्रजीने त्यांचं तोंड आंबून जायचं बहुतेक. माझ्यासमोर बसले की गावाकडची बोली धरणाचं दार उघडल्यासारखी सुटायची. मीही त्यांना माझं सगळं सांगायचे. अमेरिकेचा अर्ज, हृदयाचा किस्सा. हसून हसून त्यांना खोकला लागला होता.

त्या दिवशी ते हसले नाहीत. खुर्चीत बसताना त्यांनी टेबलाची कड धरली. कपाळावर भस्माचं बोट होतं, घामाने अर्धं वाहून गेलेलं.

“काय होतंय, संपतराव?”

“गरगरतंय जरा. फोरमन म्हनला, जा, दाखवून ये.”

“सकाळी काय खाल्लं?”

ते जरा पुढे झुकले. “उपास हाय, ताई. सोमवार न्हवं का. पानीबी न्हाय, दिस बुडस्तोवर.”

“अहो, एवढ्या उन्हाळ्यात निर्जळी?”

“बोललोय शिंगणापूरच्या म्हादेवाला. बायको आजारातनं उठली तर तीन वर्सं श्रावन धरीन म्हनलो. ती उठली. ह्ये तिसरं वरीस.” मग त्यांनी हात जोडले. एवढा मोठा माणूस, माझ्यासारखीपुढे हात जोडतो. “डागदरास्नी सांगू नगा. लगीच खायाला लावतील. दोन वर्सं पार पडली, आता मोडाया नगं.”

“गोळी घेतली का?”

“ती घेतली की. कोरडीच गिळली.”

मी बोट टोचून साखर बघितली. चौऱ्याऐंशी. आकडा बरा होता. हीच ती गंमत. पोटभर नाश्ता करून आलेल्या माणसाची चौऱ्याऐंशी वेगळी, आणि उपाशीपोटी गोळी गिळलेल्या माणसाची वेगळी. दुसऱ्याची अजून खाली जात असते. हे मला येत होतं. पुस्तकातलं ते पान मी आठवड्यापूर्वी पिवळ्या पेनाने रंगवलं होतं. पण समोर संपतरावांचे जोडलेले हात होते, मला माझ्या आजोळची माणसं आठवत होती, आणि हॉटेलातली ती जुनी सवय जागी झाली होती. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. मी कागदावर ‘नाश्ता’ लिहिलेल्या ओळीपुढे ‘होय’वर खूण केली. ‘पाणी’पुढे लिहिलं, पुरेसं. आणि त्यांच्याकडे बघून हसले. हसले मी! ते मला अजून दिसतं.

रमजानमध्ये ह्याच दवाखान्यात आम्ही प्रत्येकाला विचारतो, रोजा आहे का? असला तर डॉक्टर गोळीची वेळ बदलतात, काम हलकं करायची चिठ्ठी देतात, कुणाचा रोजा मोडत नाही. उपाशी माणसाला कसं सांभाळायचं हे इथल्या डॉक्टरांइतकं कुणाला कळतं? मी फक्त तोंड उघडायचं होतं. फार तर गोळी बंद झाली असती, एक दिवस खोलीत झोपायला मिळालं असतं, कदाचित उपास मोडला असता, कदाचित नसताही. मी विचारलंच नाही. श्रावण म्हणजे आपल्या घरातली गोष्ट, डॉक्टरला काय कळणार, असं आपलं मीच ठरवून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर हात लपवून केलं.

डॉक्टरांनी कागद बघितला. दमट हवेचा त्रास म्हणाले, मीठ-साखरेची पुडी दिली, दुपारभर आराम करा म्हणाले. उन्हाळ्यात दुपारी बाहेरची कामं बंदच असतात. संपतरावांनी पुडी खिशात घातली आणि दारातून मला नमस्कार केला. साडेतीननंतर काम पुन्हा सुरू झालं. चारच्या आसपास ते स्कॅफोल्डिंगवरून पडले. उंची फार नव्हती, दीड पुरुष असेल. पण खाली लोखंड होतं.

मला दुसऱ्या दिवशी कळलं. सिस्टर पट्ट्यांचे गठ्ठे लावता लावता म्हणाली, “तुम्हारा वो गाववाला गिर गया कल. कूल्हेका हड्डी टूट गया.” माझ्या हातात थर्मामीटर होता, तो मी नीट डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. बाहेर आल्यावर काहीच बोलले नाही. कुणीतरी विचारेल, मग सांगू, असं मनाशी म्हटलं. कुणी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकून झाकून बोटं कशी आखडतात ते म्हण करणाऱ्याला ठाऊक नसावं.

इस्पितळात मी एकदाच गेले. संत्री घेऊन. पाय वर टांगलेला, चेहरा उतरलेला, पण मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. “ताई, लई उपकार झाले. तुमी सोमवार मोडू दिला न्हाय.” मी संत्र्याची पिशवी उशाशी ठेवली. मग त्यांनी आवाज बारीक केला. “एक इचारू? त्या दिशी दिस बुडायच्या आदी मला सलाइन लावलं म्हनत्यात. त्यात साखर आसती. त्यो उपास धरायचा का मोडला म्हनायचा?”

“ते औषध, संपतराव. औषधाने मोडत नाही.”

“मग बरं झालं,” ते म्हणाले, आणि खरोखरच सुटका झाल्यासारखे उशीवर रेलले. त्या दुपारी मी दोह्यात कुठून कुठे चालत गेले ते मला सांगता येणार नाही. घरी पोचले तेव्हा चपला हातात होत्या.

आणि तीन आठवड्यांनी मी अर्ज पाठवला. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते. अर्जात एक निबंध असतो, तुम्हाला हे काम का करायचंय. एका पेशंटची गोष्ट सांगा, असं सगळे सांगतात. माझ्या डोक्यात एकच पेशंट होता. मी लिहिलं, एका उष्ण सकाळी एक कामगार चक्कर येते म्हणून आला. मी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलले. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. त्याने मला असं काही सांगितलं जे त्याने कुणालाच सांगितलं नसतं. एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त गोष्ट मी सकाळी सव्वादहाला थांबवली होती.

मुलाखत आली नोव्हेंबरात. बाहेर सुरेख हवा होती, लोक कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, मुलांना घेऊन फिरत होते. दुपारी चार वाजता मी कॅमेऱ्यासमोर कोट घालून बसले, खाली घरातली सलवार. पलीकडे पिकल्या केसांच्या एक प्राध्यापक बाई होत्या, त्यांची सकाळ होती, हातात कॉफीचा मग. फार मायेने बोलल्या. तुमचा निबंध आम्हाला लक्षात राहिला म्हणाल्या. मग सहज, अगदी आपल्याकडे कुणी कुणाच्या आजारी माणसाची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, “आणि आता कसे आहेत ते?”

“छान आहेत,” मी म्हटलं. “घरी आहेत. कुटुंबासोबत.”

हेही खरंच होतं. दोन आठवड्यांपूर्वी त्यांना कंपनीने मायदेशी पाठवलं होतं. पाय बरा झाला की स्टोअरमध्ये बसून करायचं काम देऊ, असं आधी त्यांना सांगितलं होतं. मग अचानक काय झालं कोण जाणे, तिकीट हातात दिलं. तेव्हापासून मी त्या कंपनीला यथेच्छ शिव्या घालत आलेय. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, बसमध्ये, कुणी ऐको न ऐको. माणसाची किंमत नाही ह्यांना, वापरलं आणि फेकलं. असं बोलताना माझा आवाज चांगला खणखणीत लागायचा.

प्रवेश मिळाला. मंदारने नजमातल्या मिठाईवाल्याकडून पेढे आणले, शेजारच्या नेपाळी जोडप्यालाही दिले. त्याने त्याच्या नोकरीसाठी तिकडे चौकशीसुद्धा सुरू केली होती. मी आठ दिवस ते पत्र उघडून बघायचे आणि बंद करायचे. नवव्या दिवशी कळवलं, वैयक्तिक कारणामुळे येऊ शकत नाही. मंदार दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “निदान भांड तरी. कारण तरी सांग.” काय सांगणार? म्हटलं, मला झेपणार नाही. त्याने ते मानलं नाही, पण पुन्हा विचारलंही नाही.

तेव्हापासून चार श्रावण गेले. मी अजून त्याच दवाखान्यात आहे, त्याच खुर्चीवर. माझं काम चोख झालंय म्हणतात. सकाळी खाल्लं का, हा प्रश्न मी प्रत्येकाला दोनदा विचारते, दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत, आणि डोळ्यांत बघून. नवीन आलेली पोरं कंटाळतात. बसमध्ये कुणाच्या कपाळावर भस्म दिसलं की मी मान वळवून खिडकीबाहेर बघते. मेसईद जवळ आलं की खताच्या कारखान्याचा तो उग्र वास काचा बंद असल्या तरी आत येतो, आणि त्या वासाबरोबर मला दर वेळी टेबलाची कड धरणारा हात दिसतो. सणावाराला संपतरावांचा मेसेज येतो. फुलं, दिवा, शुभ सकाळ. मी उलट फुलं पाठवते. ते बिचारे मला माणूस समजून फुलं पाठवतात, आणि मी प्रत्येक फुलाला दचकते.

यंदाचा मेल आला तेव्हा मी हिशेब लावला. ते विषय पास होऊन पाच वर्षं होत आली. पुढच्या वर्षी ते धरत नाहीत, सगळं पुन्हा शिकावं लागेल. म्हणजे हा शेवटचा उन्हाळा. माझं वय सदतीस. मंदार म्हणाला, “पाठव ना गं. तुला हवंय ते मला दिसतं. झोपेत सुद्धा तू हाडांची नावं घेतेस.” सिस्टर म्हणाली, “शिफारसका चिट्ठी मैं देगा, इस बार ना मत बोलना.” आणि खरं सांगते, मला हवंच आहे. चार वर्षांत ती भूक कमी झालेली नाही. दाराच्या आत जायचंय मला अजून.

मग मी निबंध पुन्हा लिहायला घेतला. ह्या वेळी सव्वादहाला थांबायचं नाही, असं ठरवलं. कागदावर खूण केली, तो माणूस पडला, मी गप्प बसले. सगळं. लिहून झालं तेव्हा लक्षात आलं, हे सात समुद्रापलीकडच्या अनोळखी बाईंना सांगायच्या आधी एका माणसाला सांगायला हवं. काल श्रावणातला दुसरा सोमवार होता. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि दुपारी म्हसवडला फोन लावला.

मागे पिठाची गिरणी चालू होती. भाच्याच्या गिरणीवर ते बसतात आता, काठी शेजारी ठेवून. “ताई! आज कसा काय फोन?” त्यांनी पट्टा बंद करायला सांगितला, आवाज थांबला, आणि मला वाटलं चालूच राहिला असता तर बरं झालं असतं.

मी सांगितलं. घाईघाईने, पाठ केल्यासारखं. “त्या दिवशी कागदावर मी लिहिलं होतं, तुम्ही नाश्ता केलाय म्हणून.”

“व्हय की. मीच म्हनलो हुतो, सांगू नगा.”

“तुम्ही सांगू नका म्हणाला होतात. खोटं लिहा असं म्हणाला नव्हतात.”

“ताई, त्ये कवाच मिटलं.”

“मिटलं म्हणजे?”

“आवं, चौकशी झाली की. पाय टांगलेला आसताना दोन सायेब आलं. म्हनलं, तुज्या खोलीवाले सांगत्यात तू उपाशी हुतास, मग कागदावर नाश्टा कसा? बाईनं न इचारता लिवलं का? म्या म्हनलं, न्हाय सायेब, बाईनं बराबर इचारलं. मीच खोटं बोललो.”

“आणि ते स्टोअरचं काम?”

“कसलं स्टोर!” ते हसले, अगदी मोकळेपणाने. “तब्येतीचं खोटं सांगून कामावर चढला, आसं लिवलं त्यांनी. आसल्या मानसाला कोन ठेवतंय? खलास. तिकीट काढलं.”

“पण का केलंत असं? मला सांगायचं होतंत, मी—”

“तुमचा त्यो आर्ज चालला हुता न्हवं का अमेरिकेचा? तुमीच सांगायचा.” ते समजूत घातल्यासारखं बोलत होते. “म्या म्हनलं, आपला पाय तर गेलाच हाय. त्या पोरीचं वरीस कशाला घालवायचं? मग, झाल्या का न्हाय डागदरीनबाई?”

फोन ठेवल्यावर मी फरशीवर बसले आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. चार वर्षं मी वाट बघत होते कुणीतरी विचारेल म्हणून, आणि चार वर्षं मला वाटत होतं की कुणी विचारलं नाही. विचारलं होतं. माझ्या वाटचं उत्तर त्यांनी देऊन टाकलं होतं, त्यात त्यांचं काम गेलं, आणि त्या मोबदल्यात मिळालेली जागा मी ‘वैयक्तिक कारण’ म्हणून परत पाठवली होती. त्या कंपनीच्या दफ्तरात आजही एका माणसाच्या नावापुढे ‘खोटं बोलला’ असं लिहिलेलं आहे, आणि मी मात्र गावभर त्या कंपनीला शिव्या घालत फिरतेय.

मंदार आल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्याने बूटसुद्धा काढले नव्हते, तसाच दारात बसून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “हे निबंधात लिहून पाठवलंस तर कदाचित घेतीलही तुला. हल्ली असलं प्रामाणिक लिहिलेलं आवडतं त्यांना.” बिचारा मला धीर देत होता. पण संपतरावांच्या पायावर मी एकदा निबंध लिहिला होता. आता त्याच पायावर दुसरा, अधिक चांगला?

आज सकाळी नेहमीच्या बसने मेसईदला आले. सिस्टर तिच्या टेबलाशी बसली होती, संगणकावर माझं शिफारसपत्र उघडं. तासांचा दाखला बाजूला, सहीचं पेन हातात. “आओ आओ, एकही लाइन बाकी है. तुम इधर कितना साल किया, वो बताओ.” मी दार लावून घेतलं. ते पत्र, ते हजार तास, ही खुर्ची, पुढच्या दहा मिनिटांत ह्यातलं काय उरेल ते मला ठाऊक नव्हतं. सिस्टरने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

“सिस्टर,” मी म्हटलं, “संपतराव खोटं बोलले नव्हते. खोटं मी लिहिलं होतं.”